खातेपानाचा रकाना

हाताने लिहिलेल्या वहीत सगळ्यात अरुंद रकाना असतो तो खातेपानाचा. तारखेला, तपशिलाला, रकमेला जागा भरपूर. त्यांच्या अधेमधे दोन-तीन अंक मावतील एवढी एक पट्टी, आणि वर लिहिलेलं असतं ‘खा. पा.’ कीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद केली की ती खतावणीच्या, म्हणजे खातेवार वहीच्या, कोणत्या पानावर नेली ते या पट्टीत लिहायचं. खतावणीत तीच नोंद उतरवताना ती कीर्दीच्या कोणत्या पानावरून आली ते तिथल्या पट्टीत लिहायचं. कॉमर्सच्या परीक्षेत हा रकाना मोकळा सोडला तरी मार्क जात नाहीत, कारण प्रश्नपत्रिकेतल्या व्यवहारांना पानंच नसतात. म्हणून पोरं तो रकाना विसरून जातात. मला मात्र अख्ख्या वहीत तोच रकाना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज आपण कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात एखाद्या बेरजेवर क्लिक करतो आणि तिच्या पोटातल्या नोंदी उघडतात, त्याची पाळंमुळं या पट्टीत आहेत.

मी सांगलीत हिशेबाची कामं करते. सुरुवात एका हळदीच्या अडत दुकानात झाली, नव्वदच्या दशकात. दुकानाचे दिवाणजी तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांची मांडी, समोर उताराचं लाकडी डेस्क, डावीकडे खतावणी, उजवीकडे रोजमेळ (म्हणजे रोजची कीर्द), आणि मागच्या फळीवर हंगामवार बांधलेल्या हिशोबपट्ट्यांचे गठ्ठे. फेब्रुवारी उजाडला की हळदीची पोती यायला लागत आणि मे उलटेपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नसे. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे, भाव वेगळे. सौदा झाला की शेतकऱ्याच्या नावाने हिशोबपट्टी निघे: पोती किती, वजन किती, भाव काय, त्यातून तोलाई, हमाली, आणि आधी घेतलेली उचल वजा, राहिली ती रक्कम हातात किंवा खात्यावर.

हंगामात रोज घडणारी एक गोष्ट सांगते. कोणीतरी तासगावकडचा किंवा मिरज पूर्वभागातला शेतकरी खाते बघायला येई. दिवाणजी खतावणीचं पान काढून बाकी सांगत. तो थोडा वेळ गप्प बसे, मग विचारी, “दिवाणजी, ही साडेतीन हजाराची उचल कवाची वो? मी तर पंचमीलाच फेडली हुती.” दिवाणजी कधी वैतागत नसत. त्या रकमेशेजारच्या पट्टीतला आकडा बघत, रोजमेळ पुढे ओढत, ते पान काढत, बोट ओळीवर ठेवत. ओळीत हिशोबपट्टीचा किंवा पावतीचा क्रमांक असे. मग मला सांगत, “ताई, अमुक नंबरची पावती काढा.” मी फळीवरून गठ्ठा काढून पावती पुढे ठेवी. त्यावर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा. खतावणीतून रोजमेळात, रोजमेळातून पावतीवर. बहुतेक वेळा शेतकऱ्याला आठवे, की फेडल्यावर पेरणीला पुन्हा पैसे नेले होते. काही वेळा दिवाणजींचीच नोंद दुसऱ्याच्या पानावर गेलेली निघे, आणि मग ते त्याच्यासमोरच उलट नोंद करून बाकी दुरुस्त करत.

आणखी एक गोष्ट ते न चुकता करत. खतावणी शेतकऱ्याकडे फिरवण्याआधी समोरच्या पानावर, म्हणजे दुसऱ्या खातेदाराच्या हिशेबावर, एक कोरा कागद आडवा ठेवत. याचं पान त्याला पूर्ण दाखवायचं, शेजाऱ्याचं अजिबात नाही. कोणी शिकवलं म्हणून ते असं करत नव्हते. त्या धंद्याची ती रीतच होती.

या रीतीचं वय मोठं आहे. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसे ठेवतात ते सांगणारा एक भाग आहे. तीन वह्या: कच्ची टिपणवही, कीर्द, खतावणी. कीर्दीतली नोंद खतावणीत उतरवली की तिच्यावर रेघा माराव्यात आणि समासात खतावणीची दोन पानं, एक नावेचं, एक जमेचं, एकाखाली एक लिहावीत असं पाचोलीने बजावलं आहे. शिवाय खतावणीला नावांची अनुक्रमणिका जोडायला सांगितलं आहे, म्हणजे खातं लगेच सापडेल. दुहेरी नोंद पाचोलीने शोधली नाही, ती पद्धत आधीपासून चालत आली होती; त्याने ती छापून सगळ्यांच्या हाती दिली. दुहेरी नोंदीचं कौतुक सगळेच करतात. समासातल्या त्या दोन आकड्यांचं कौतुक मी फारसं कुठे वाचलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय चुकलेली बेरीज दुरुस्त कशी करणार? बेरीज चुकली एवढंच कळेल, कुठे चुकली ते कळणार नाही.

आपल्याकडची देशी नामापद्धत वेगळी वाढली. लांबट वह्यांत रकाने आखण्याऐवजी कागदाला घड्या घालून सळ पाडायचे, खात्यात जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे. पण रोजच्या नोंदीपासून खात्यापर्यंत आणि खात्यापासून गोषवाऱ्यापर्यंत जाण्याचा क्रम तोच. पेशव्यांच्या दप्तरात रोजकीर्दी आहेत, खतावण्या आहेत, तेरजा (गोषवारे) आहेत, ताळेबंद आहेत. हुजूर दप्तराची एक शाखा एकबेरीज दप्तर म्हणून ओळखली जाई. ठिकठिकाणचे हिशेब एकत्र करून, सदरवार लावून, जमाखर्चाचे गोषवारे तयार करणं हे तिचं काम. नाना फडणिसांच्या काळात या कामाला शिस्त होती आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती ढासळली. आज हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाईंनी 1930 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापून काढले, ते इतिहासकारांसाठी. हिशेबनिसाच्या नजरेला त्या दप्तरात दुसरंच काही दिसतं. वरच्या बेरजेवर कोणी बोट ठेवलं, तर खालच्या कारकुनाला मूळ नोंद काढून दाखवावीच लागेल, या भरवशावर ती सगळी यंत्रणा उभी होती. गोषवारा वाचणारा फडणीस प्रत्येक रोजकीर्द वाचत नसणार. पण ती वाचता येते हे सगळ्यांना ठाऊक असणं पुरेसं होतं.

ज्याने खतावणी कधी पाहिली नाही, त्यानेही सातबारा पाहिलेला असतो. मुंबई इलाख्यात 1903 साली अधिकार अभिलेखाचा कायदा झाला आणि पुढे एफ. जी. एच. अँडरसन यांच्या मॅन्युअलने गावाच्या महसुली हिशेबाचे नमुने घट्ट बसवले. त्यातला सातवा आणि बारावा मिळून आपला सातबारा. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर खातेदारांची नावं एकाखाली एक असतात. जमीन विकली किंवा वारस लागले की जुन्या नावाला कंस होतो, नवं नाव खाली येतं, आणि शेजारी वर्तुळात एक आकडा. तो फेरफाराचा क्रमांक. गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत, त्या क्रमांकाखाली सगळी हकीकत असते: कोणी अर्ज दिला, खरेदीखत कधीचं, वारस कोण, नोंद मंजूर कोणी केली. आठ-अ वरून खातेदाराचे गट कळतात, गटावरून सात, सातवरून सहा. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं, लिहिता-वाचता न येणारीसुद्धा, “फेरफार काढ, म्हंजे कळंल” असं म्हणतात. वर्तुळातला आकडा हा दुसऱ्या वहीत जायचा रस्ता आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. शंभर वर्षांत एवढा खोल रुजलेला तक्ता मला दुसरा दिसत नाही. त्यातल्या वादांना, खाडाखोडींना, कोर्टकचेऱ्यांना तोटा नाही हे मान्य. पण वाद घालता येतो तोही त्या वर्तुळामुळेच.

आता कॉम्प्युटरकडे येते, कारण इथे हा रस्ता काही काळ तुटला होता.

1978 साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन शिकत होता. फळ्यावर आकड्यांचा तक्ता. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे. हे काम यंत्राने करावं अशी कल्पना त्याला सुचली. बॉब फ्रँकस्टनने प्रोग्रॅम लिहिला आणि 1979 मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर व्हिजिकॅल्क आलं. 63 उभे रकाने, 254 ओळी. 1983 मध्ये लोटस वन-टू-थ्री आलं, आणि आयबीएमचा पीसी ऑफिसात शिरला तो बराचसा त्याच्याच जोरावर. एक आकडा बदलला की सगळा तक्ता आपोआप बदलायचा, आणि ज्यांनी रात्ररात्र जागून अंदाजपत्रकं पुसली-लिहिली होती त्यांना हा चमत्कार वाटला. तो होताच.

पण त्या तक्त्यात खातेपानाचा रकाना नव्हता. तक्त्याच्या एखाद्या घरात (सेलमध्ये) सूत्र असेल तर सूत्र दिसे: अमुक घर अधिक तमुक घर. तेवढ्यापुरता रस्ता होता. मात्र ते मूळ घर भरलं कोणी, कोणत्या कागदावरून, याचा कुठे मागमूस नसे. माणूस खतावणीतून आकडा उचलून तक्त्यात टाइप करी, आणि त्या क्षणी पान क्रमांक गळून पडे. मग तक्त्याची छापील प्रत निघे, डॉट मॅट्रिक्सवर, रुंद कागदावर, आणि तीच प्रत साहेबापुढे, संचालक मंडळापुढे, बँकेपुढे जाई. छापील असल्यामुळे तिचा दरारा मोठा. वहीतल्या खाडाखोडीवर बोट ठेवणारा माणूस त्या गुळगुळीत कागदासमोर गप्प बसू लागला. “कॉम्प्युटरने काढलंय” हे वाक्य त्या दिवसांत मी फार ऐकलं, आणि अजून ते आठवलं की मला राग येतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातून पानाचा क्रमांक काढून घेतला गेला होता, आणि त्याला ते समजलंही नव्हतं.

आमच्याकडे रस्ता परत आला तो टॅली या प्रोग्रॅममुळे. 1986 साली श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी बेंगळुरूत टॅलीची कंपनी सुरू केली, तेव्हा तिचं नाव प्युट्रॉनिक्स होतं. वडिलांचा धंदा कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना माल पुरवण्याचा. हिशेबाला मनासारखा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांनी तो मुलाकडून करून घेतला. भरत गोयंका यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. पुरस्कार-सन्मान होत राहतात. मला त्या प्रोग्रॅमची दोन कामं मोलाची वाटतात. एक, खात्याला सांकेतिक क्रमांक देण्याची गरज त्याने संपवली. खातं नावाने शोधायचं, जसं दिवाणजी शोधत. दुसरं, एंटर.

टॅलीत ताळेबंद उघडा. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता, मोजून काही ओळी. ‘करंट ॲसेट्स’वर जा, एंटर दाबा: आतले गट उघडतात. ‘संड्री डेटर्स’वर एंटर: येणेकऱ्यांची नावं. नावावर एंटर: महिनावार बाकी. महिन्यावर एंटर: त्या महिन्यातले व्यवहार. व्यवहारावर एंटर: मूळ व्हाउचर, जसं भरलं होतं तसंच, तारीख आणि शेरा धरून. एस्केप दाबत गेलं की एकेक पायरीने परत वर. माऊसला हातसुद्धा लावावा लागत नाही.

हे मी पहिल्यांदा एका सीएच्या ऑफिसात पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात दिवाणजींना तिथे घेऊन गेले. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “खाली जा.” मी एंटर दाबला. “अजून खाली.” व्हाउचरपर्यंत पोचल्यावर त्यांनी चष्मा काढून स्क्रीनजवळ डोळे नेले आणि शेरा वाचला. मग विचारलं, “आता ह्याची पावती कुठाय?” पावती फायलीत होती, दुसऱ्या खोलीत. ते म्हणाले, “मग एक पायरी राहिली.” पुढे माझ्या कामाला दिशा लागली ती या बोलण्याने.

टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम होता. मोकळा तक्ता, जो कोणीही कशासाठीही वापरतो, तो अजून मुकाच होता. त्याला वाचा फुटली ती 1990 नंतर. लोटस कंपनीत पिटो सालास याने लोकांचे तक्ते बघून एक गोष्ट हेरली: बहुतेक तक्ते म्हणजे त्याच त्या आकड्यांची वेगवेगळ्या अंगांनी केलेली मांडणी. महिना, गाव, माल, गिऱ्हाईक. मग ही अंगं वेगळी ठेवून हवी तशी फिरवता का येऊ नयेत? त्यातून 1991 मध्ये इम्प्रूव्ह हा प्रोग्रॅम नेक्स्ट कॉम्प्युटरवर आला. तो बाजारात टिकला नाही, कल्पना टिकली. 1993 मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत पिव्हट टेबल आलं. त्याच वर्षी रिलेशनल डेटाबेसचा जनक एडगर कॉड याने आकड्यांचं असं विश्लेषण करू देणाऱ्या प्रणाली कशा असाव्यात याचे नियम एका टिपणात मांडले, आणि 1996 मध्ये मेरीलंड विद्यापीठाच्या बेन श्नायडरमनने या विषयावर आजही आधार मानला जाणारा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आधी सगळ्याचा आवाका दाखवा, मग जवळ जाऊ द्या आणि नको ते गाळू द्या, आणि तपशील मागितला की द्या. दिवाणजींनी हा निबंध वाचला असता तर त्यांना त्यात नवं काही सापडलं नसतं, आणि यात मी दोघांचाही मान वाढवते आहे.

पिव्हट टेबलमध्ये बेरजेच्या घरावर डबल क्लिक केलं की नवी शीट उघडते आणि त्या बेरजेत मिळालेल्या सगळ्या ओळी तिथे येतात. एप्रिल महिना, गड्डे, अमुक गाव, इतकी रक्कम, डबल क्लिक, आणि त्या रकमेत मिळालेल्या पट्ट्या एकाखाली एक. हे करून दाखवलं की लोक अजूनही चकित होतात. पण यात एक खोच आहे, आणि ती न कळल्याने मी पुष्कळ घोटाळे निस्तरले आहेत. उघडलेली शीट ही नक्कल असते. मूळ यादीत नंतर दुरुस्ती केली तर नक्कल तशीच राहते. नकलेत दुरुस्ती केली तर मुळाला पत्ता नसतो. माणसं दिवसभर डबल क्लिक करत राहतात, फायलीत शीट एक, शीट दोन, शीट तीन साठत जातात, आणि महिन्याभराने कोणीतरी त्यातलीच एक शीट खरी समजून बँकेला पाठवतं. खतावणीत हा धोका नव्हता, कारण बोट ठेवलेलं पान हेच मूळ पान होतं.

म्हणून माझ्या तक्त्यांत मी तपशिलाची एकच शीट ठेवते. वर एका घरात खातेदाराचं नाव निवडायचं, दुसऱ्यात महिना, आणि खाली मूळ यादीतल्या तेवढ्याच ओळी सूत्राने येतात. मूळ बदललं की हेही बदलतं. पूर्वी यासाठी लांबलचक सूत्रं लिहावी लागत. गूगल शीट्समध्ये फिल्टरचं सूत्र होतंच, आणि 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलसाठीही ते जाहीर केल्यापासून काम एका ओळीवर आलं. गोषवाऱ्याच्या प्रत्येक नावाला हायपरलिंक, ती तपशिलाच्या शीटवर नेते, आणि तिथे डाव्या कोपऱ्यात ‘मागे’ अशी परतीची लिंक. परतीची लिंक मी कधीच वगळत नाही. खाली उतरलेल्या माणसाला आपण कोणत्या बेरजेतून आलो ते विसरायला होतं, आणि मग त्याला तपशील समजला तरी त्याचा मूळ प्रश्न सुटत नाही.

आणि दिवाणजींचा तो कोरा कागद? पिव्हट टेबल दुसऱ्याला पाठवताना फक्त गोषवारा पाठवला असं वाटतं, पण मूळ यादीची प्रत बहुतेक वेळा फायलीच्या पोटात तशीच असते. ज्याला फाईल मिळाली त्याने डबल क्लिक केलं की सगळं बाहेर. लपवलेल्या शीटचंही तेच. 8 ऑगस्ट 2023 रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या एका साध्या अर्जाला उत्तर दिलं. अर्जदाराला हव्या होत्या हुद्द्यांनुसार संख्या. पाठवलेल्या फायलीत एक लपलेली शीट राहून गेली आणि 9,483 अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं इंटरनेटवर गेली. तिथे पोलिसाची ओळख उघड होणं म्हणजे जिवाशी गाठ. ब्रिटनच्या माहिती नियामकाने पुढच्या वर्षी साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला, पण घरं बदललेल्या माणसांना त्याचा काय उपयोग? आकड्यामागचं दार कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी नाही, हे ठरवणं तक्ता करणाऱ्याचंच काम आहे. मी बाहेर जाणारा गोषवारा नेहमी निव्वळ आकडे म्हणून नव्या फायलीत चिकटवते, आणि खातेदाराला त्याच्या एकट्याच्या ओळींची वेगळी फाईल देते.

‘एक पायरी राहिली’ हे दिवाणजींचं म्हणणं मला खरं कळलं 2019 च्या महापुरात. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 च्या पुरात शेजारच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, गेली होती, ते दुःख लोक विसरले नव्हते, आणि या वेळी बाजारपेठेतल्या दुकानांत छातीच्या वर पाणी. ओसरल्यावर आम्ही गठ्ठे उन्हात टाकले. पट्ट्या एकमेकींना चिकटून लगदा झाला होता, शाई पसरली होती, अंगठे पुसले गेले होते. कॉम्प्युटरमधले आकडे पेन ड्राइव्हवर सुखरूप होते. सगळ्या बेरजा बरोबर, खाती बरोबर, व्हाउचरं जागेवर, आणि त्यांच्याखाली काही नाही. त्या हंगामात ज्या शेतकऱ्यांनी उचलीवर शंका घेतली त्यांना आम्ही काय दाखवणार होतो? काही ठिकाणी मालकांनी शेतकऱ्याचा शब्द प्रमाण मानला, काही ठिकाणी भांडणं झाली, आणि वर्षानुवर्षांची काही खाती दुकान सोडून गेली.

तेव्हापासून पट्टी फाडली की लगेच तिचा फोटो काढायचा अशी सवय लावून घेतली आहे. फाईलचं नाव म्हणजे पट्टीचा क्रमांक, दुसरं काही नाही. मूळ यादीत शेवटच्या रकान्यात त्या फोटोची लिंक. आता गोषवाऱ्यातल्या आकड्यावरून नाव, नावावरून महिना, महिन्यावरून ओळ, ओळीवरून सहीचा कागद. फोनवरही उघडतं. शेतकऱ्यांची मुलं पुण्याहून, बेंगळुरूहून वडिलांचा हिशेब बघतात आणि तोलाई वजन कोणत्या काट्याचं ते विचारतात. असे प्रश्न आले की अडतवाल्यांच्या कपाळावर आठी पडते. मला ते प्रश्न हवे आहेत. ज्या दुकानात ते विचारले जातात तिथल्या नोंदी वर्षभरात सुधारतात, हे मी डोळ्यांनी बघते आहे.

पुढचं काम ऊसबिलांचं आहे. कारखान्याकडून येणाऱ्या बिलावर शेतकऱ्याला टनेज दिसतं, दर दिसतो, सोसायटीची कपात दिसते, आणि शेवटी ‘इतर कपात’ अशी एक ओळ, जिच्या पोटात काय आहे ते विचारायला त्याला अर्धा दिवस मोडून जावं लागतं. काही गावांतल्या पोरांनी वजनपावत्या गोळा करायला घेतल्या आहेत. त्यांना मी तक्ता करून देते आहे, म्हणजे बिलाची प्रत्येक ओळ खेपेपर्यंत उघडेल. सध्या घोडं अडलंय ते पावतीच्या क्रमांकावर. दर हंगामात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे गेल्या वर्षीची आणि यंदाची 412 नंबरची पावती तक्त्याला एकच वाटते आणि लिंक चुकीच्या फोटोवर जाते. क्रमांकाच्या आधी हंगामाचं वर्ष आणि गट जोडायचा असं ठरलं आहे. जुन्या पावत्यांना हातानेच नवे क्रमांक द्यावे लागणार, आणि ते काम दिवाळीआधी, गाळप सुरू व्हायच्या आत, उरकायचं आहे.